केळापूरचा एक नंबर

"कुल्फी हाये का त्यात?"

कपिलशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. दारव्ह्याहून नेरला निघालेल्या एसटीत, मार्गशीर्षातल्या अवकाळी पावसात. खिडकीबाहेर बोंडांतून फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळवंडत होता, आणि आत गाडीचं छत नेमकं त्याच्या डोक्यावर गळत होतं. मांडीवर एक निळी पेटी. स्वतः निथळत होता, पण पेटीला थेंब लागू देत नव्हता.

त्यानं वळून पाहिलं. पापण्यांवर पाणी साचलेलं.

"रक्त हाये," तो म्हणाला.

शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला. मी मात्र, का कोण जाणे, छत्री उघडली... धावत्या एसटीत. "ओ ताई, गाडीत कायची छत्री उघडता!" कंडक्टर ओरडला. मी ती पेटीवर धरली. माझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजत गेली.

"माह्यावर बी धरा थोडी," तो हळूच म्हणाला.

"तुमी थोडेच नासता?"

तो हसला. मोबाइल काढून त्यात काहीतरी खुडखुड करू लागला. "चाळीस जनाचं रक्त हाये. सिकलसेलच्या तपासनीचं. थंड राह्यलं पाह्यजे."

"मले माहीत हाये," मी म्हणाले, आणि खिडकीकडे पाहिलं. कसं माहीत, ते अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी कुठं सांगायचं?

नेरला उतरलो. स्टँडमागच्या खताच्या दुकानावरचा जिना तो चढू लागला, आणि त्याच्या मागं मी.

"इकडं कुठं?"

"आजपासून कामाले लागली इथं. मी निशिगंधा. बोरी अरबची."

"मंग कुल्फी पक्की," कपिल म्हणाला.

*

दोन खोल्यांची संस्था होती ती. कपिल गावोगाव कॅम्प घ्यायचा. बोटाला सुई टोचून एक थेंब दवेच्या नळीत. नळीतलं पाणी गढूळ झालं की संशय, मग दंडातून रक्त काढून यवतमाळच्या लॅबला. आठवड्यानं सगळ्यांच्या चिठ्ठ्या तयार व्हायच्या. कपिल त्यांचे फोटो काढून क्लाउडवर चढवायचा. ते नीट चढले की नाही, एवढंच पाहायचं माझं काम.

"एवढंच?" मी संस्था चालवणाऱ्या घनश्याम सरांना विचारलं होतं.

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "दोन सालाआधी आमी बी हेच म्हनत होतो. एवढंच."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ऑफिसचा कॉम्प्युटर बसला. कुणी घाबरलं नाही. रोज संध्याकाळी बॅकअपची हिरवी खूण उमटत होती ना! उघडून पाहिलं तेव्हा कळलं. तीन हजार फाईलींची नावं ओळीनं उभी होती, आणि आत काही नव्हतं. शून्य. लोकांकडच्या चिठ्ठ्या कुणाच्या खिशात धुतल्या गेलेल्या, कुणाच्या वाळवीनं खाल्लेल्या. माणसं शोधून पुन्हा टोचायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत गावची लग्नं कुठं थांबतात?

विजयमाला नावाच्या एका मुलीचं त्यातच झालं. रिपोर्ट न्यायला ती दोनदा आली होती; दोनदा तिला 'मशीन बंद हाये' म्हणून परत पाठवलं. आता दर महिन्याला ती लेकरू घेऊन येते. अकरा महिन्यांचं. हातपाय सुजले की ते रडतं, आणि ते रडणं जिन्यावरून वर येतं तेव्हा घनश्याम सर खिडकीशी जाऊन उभे राहतात.

तेव्हापासून नियम झाला. हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. आलेल्या फाईली मोजायच्या, रोज दहा उघडून बघायच्या. आणि एक फाईल नुसती तपासणीसाठी — ती इथून पुसून टाकायची, क्लाउडवरून परत बोलवायची, उघडायची. वहीत तारीख, गाव, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: 'पुसली. परत आली. पूर्ण.'

तपासणीची फाईल कपिलनं पाठवायची होती. काहीही चाललं असतं, कोरा कागद सुद्धा. पहिल्या दिवशी त्यानं कोराच पाठवला. दुसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगेचा फोटो आला. मग काटेसावरीवर बसलेला कोतवाल पक्षी. मग एका आजीचा हात, गोंदलेला, बोटावर कापसाचा बोळा धरलेला. मी पुसायची. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहायचा... आणि शेंग परत यायची. पक्षी परत यायचा, शेपटीसकट.

पाच वाजता त्याचा फोन.

"चढल्या का?"

"चढल्या. दोनशे बारा."

"उघडल्या का?"

"दहा."

"अन् माह्यी?"

"पुसली."

"लयच दगडी काळजाची हायेस तू, निशी. येवढा उन्हात उभा राहून काढला फोटो—"

"परत आली न पन."

"आली काय?" त्याचा आवाज खाली उतरायचा. "येनारच. जाते कुठं?"

झाडू मारता मारता नलूकाकू हे सगळं ऐकायची. फाईली आभाळात ठेवतात, हे तिला मीच सांगितलेलं. तिनं त्याची ओवी करून टाकली—

*आभाळाच्या कोठीमंदी ठेवलं मी बेनं बाई,*
*कधी व्हईल परतून तेचं भुईवर येनं बाई...*

"तुह्या बेन्याचा फोन आलता काय वं आज?" ती मुद्दाम विचारायची, आणि माझे कान तापायचे.

*

आमच्या भागात आता मुलगी पाहायला आले की पोह्यांच्या आधी ताटात कार्डं ठेवतात. निरोग्याचं पांढरं. रुग्णाचं पिवळं. आणि वाहकाचं अर्धं पांढरं, अर्धं पिवळं. वाहकाला स्वतःला काही होत नाही. आजार त्याच्या अंगात झोपलेला असतो. पण दोन वाहकांनी संसार मांडला, तर चार लेकरांत एकाच्या अंगात तो जागा होऊन येतो. कधी चौथ्या, कधी पहिल्याच.

माझे आईबाबा दोघंही वाहक. त्यांच्या वेळी कार्डं नव्हती.

निकिताताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. खुब्याचं हाड झिजलेलं, भिंत धरून चालते. दर महिन्याला यवतमाळला रक्ताची पिशवी. "माह्या अंगात आता अर्ध्या जिल्ह्याचं रक्त हाये," ती म्हणते. "म्हनून तर मले सगळ्या गावच्या शिव्या येतात." दुखणं उठलं की मात्र ती शिव्याही देत नाही. उशी दातात धरते. लहानपणी मी दाराबाहेर बसून पाढे म्हणायची — मोठ्यानं, ऐकू येऊ नये म्हणून.

माझं कार्ड अर्धं पिवळं. हे मी कपिलला फोनवरच सांगितलं. लपवायचं कशाला?

"अन् तुह्यं?"

"मी कुठं तपासलं? आमच्या घरी मायले सुईचं भेव."

"दुसऱ्याले टोचतो अन् सोताले नाई?"

"रोज टोचतो की. कॅम्पमंदी पयली सुई माह्याच बोटाले. लोकाईचं भेव जावं म्हनून." तो हसला. "थेंब पुसून टाकतो मंग."

"येकदा नळीत टाक नं."

"टाकीन." थोडा थांबून म्हणाला, "पांढरं निघालं त येऊ का बोरीले? मायले घेऊन?"

पलीकडून मोटारसायकलींचा आवाज, कोंबडा, कुणाची तरी हाक... आणि मी फोन कानाशी दाबून उभी. 

"निशी? चढलं का?"

"चढलं," मी म्हणाले.

*

माघात त्याच्या स्वतःच्या गावी, केळापूरला कॅम्प झाला. संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज फुललेला. "लालीबाई नावाची म्हातारी हाये आमच्या इथं. तिनं सगळा कॅम्प अडवला. कोनी बोट द्यायले तयार नाई. मंग मानली येकदाची."

"कशी?"

"सांगीन कधी."

आठवड्यानं केळापूरच्या चिठ्ठ्या चढल्या. कॅम्पचा आकडा एकशे सत्तेचाळीस. माझ्याकडे आल्या एकशे सेहेचाळीस.

मी पुन्हा मोजल्या. दोनपासून एकशे सत्तेचाळीसपर्यंत सगळे नंबर होते. एक नंबर नव्हता.

"भिजला तो कागद," कपिल म्हणाला.

"पंधरा दिवसात आभाळात ढग नाई आला, कपिल."

"च्या सांडला. पाहून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मोबाइल अडकला होता. तिसऱ्या दिवशी पांढरकवड्याला रेंज नव्हती. शनिवारी तो पेटी घेऊन नेरला आला, पण केळापूरचं रजिस्टर घरी विसरला होता. माझ्याकडे न बघता त्यानं बर्फ बदलला. बोटावर सुईचे बारीक काळे ठिपके... मला वाटलं, थकलाय.

तपासणीच्या फाईली येत होत्या. पण पुन्हा कोऱ्या.

"दे सोडून," घनश्याम सर शेवटी म्हणाले. "रिकामा नंबर म्हनून लिही अन् पूर्ण कर केळापूर."

"नाई, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

बावीस दिवस माझ्या वहीत केळापूर अपूर्ण राहिलं. आणि त्याच बावीस दिवसांत ठरलं की येत्या रविवारी कपिलची आई, प्रभावतीबाई, आणि मामा बोरीला येणार. माझी आई पोहे निवडायला बसली. नातवासाठी प्रभावतीबाईंनी हातभर गोधडी आत्ताच शिवून ठेवली आहे, असं कपिलनंच कधी हसत सांगितलं होतं. कार्डाचं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आनतो नं रविवारी."

गुरुवारी विजयमाला आली. लेकराचा डावा हात भाकरीसारखा फुगलेला. त्या संध्याकाळी पाच वाजता मी 'चढल्या का' ची वाट पाहिली नाही.

"तो एक नंबर कोन हाये?"

"निशी, सोड नं आता..."

"बाई हाये का मानूस?"

मी उत्तरासाठी थांबले नाही.

"मानूस असंल त त्याचं लगन जुळून राह्यलं असंल. पोरगी कुठंतरी पोहे निवडत असंल. तिले कोन सांगनार? तिच्या पोटी विजयमालाच्या लेकरासारखं आलं त मी काय करू — खिडकीपाशी उभी राहू, सरासारखी?" माझा आवाज फाटला. "येका कागदाचा सवाल हाये रे, कपिल. चढव नं."

पलीकडे एक मोटारसायकल सुरू झाली. मग फोन बंद झाल्याचा बारीक आवाज.

शुक्रवारी दुपारी आकडा बदलला. एकशे सत्तेचाळीस.

आनंदानं मी नलूकाकूला हाक मारली. ती झाडू घेऊन आली, आणि मी एक नंबर उघडला.

फोटो नीट होता. कडा सरळ, अक्षरं स्पष्ट. चहाचा डाग नाही. पाण्याचा डाग नाही.

नाव कपिल. गाव केळापूर. वय सत्तावीस. वाहक.

"कोन हाये वं?" नलूकाकूनं विचारलं. तिला वाचता येत नाही. मी सांगितलं नाही. तरी तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

*

घरी मी फक्त ताईला सांगितलं. ती भिंतीला टेकून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती.

"करून टाक लगन," ती म्हणाली. "आवडतो न तुले?"

"अन् लेकरू? तुह्यासारखं—" मी जीभ चावली. उशीर झाला होता.

ताईनं एक शेंग सोलली. दाणे मोजून वाटीत टाकले.

"माह्यासारखं नको," ती म्हणाली. "म्हंजे मी नसती त बरं झालं असतं का वं?"

"ताई, तसं नाई..."

"कसं मंग?"

  मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि ती एका हातानं शेंगा सोलत राहिली, दुसऱ्या हातानं माझे केस कुरवाळत. थोड्या वेळानं म्हणाली, "मले जगनं आवडते, निशे. पन त्या उशीले विचारशील त ती काही दुसरं सांगंल. तुह्यं तू ठरव. माह्या नावावर ढकलू नको."

*

शनिवारी नेरच्या स्टँडवर, शेवटच्या फलाटाच्या बाकावर तो बसला होता. मांडीवर निळी पेटी. मी मधे हातभर जागा सोडून बसले.

"लालीबाई म्हने, तुह्या थेंब काहून पुसतो?" तो समोर बघत बोलू लागला. "नळीत टाक, नाव लिही, मंगच आमी बोट देतो. सगळे हासले. मी बी हासत टाकला. एक नंबरले नाव लिहिलं. अन् नळी... गढूळ झाली. सगळ्याईच्या देखत. मी म्हटलं दवा जुनी हाये. दंडातलं रक्त लॅबले धाडलं, तवा बी वाटत होतं..." तो थांबला. "चिठ्ठी आली अन् मी खिशात घातली."

"बावीस दिवस."

"रोज वाटे, आज सांगतो. अन् पाच वाजता तुह्या आवाज आला की वाटे, येक दिवस अजून."

समोर यवतमाळची गाडी लागली, भरली, निघून गेली.

"आपन लेकरूच नाई होऊ देनार, निशी. नाईतर पोटात असतानाच तपासता येते. नागपूरले होते ते. मी विचारलं."

"तुह्या मायनं गोधडी शिवली हाये."

"मायले मी समजावतो."

"अन् तुले कोन समजावंल? दहा सालानं तू मले काही म्हननार नाईस, मले माहीत हाये. तुह्यं ते न म्हननंच मले आयकू येईल रे... अन् पोटातलं तपासलं, अन् पिवळं निघालं, त? तवा मी ताईच्या डोळ्यात कशी पाहू?" बोलायचं अजून राहिलं होतं. "लहानपनी मी दाराबाहेर बसून पाढे म्हने, कपिल. मले पुन्हा दाराबाहेर नाई बसता येत. येवढंच हाये. भेव वाटते मले."

तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"चढवली नसती त?" त्यानं विचारलं. "भिजला म्हनूनच सांगत राह्यलो असतो त? उद्या आलो असतो आमी."

"आला असता. पांढरं कार्ड घेऊन?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

"पन चढवली तू," मी म्हणाले. "म्हनून त आली मी इथं. नाईतर तुह्याशी बोललीच नसती." आणि मग, गाड्यांच्या त्या धुरात, भोंग्यांच्या कालव्यात, मला जे बागेत, पावसात, लाजत सांगायचं होतं, ते सांगितलं. "मले तू लय आवडतो, कपिल. एसटीतल्या त्या दिवसापासून. हे काही खोटं नाई व्हत."

त्याचे डोळे भरले. दोन्ही हातांनी पेटी धरलेली, त्याला ते पुसताही येईनात. मी माझ्या ओढणीनं पुसले. एकदाच.

"मायले काय सांगू?"

"खरं. दोन्ही कार्डं तिच्या ताटात ठेव. तिले समजंल."

तो उठला. दोन पावलं गेला, वळला. "पेटीवर ऊन येते वं," तो म्हणाला — हसायचा प्रयत्न करत. माझ्याकडे त्या दिवशी छत्री नव्हती.

*

रविवारी कुणी आलं नाही. आईनं पोहे डब्यात परत भरले. सोमवारी मी वहीत केळापूरपुढे 'पूर्ण' लिहिलं, आणि नलूकाकू पायऱ्या पुसता पुसता कुणाकडे न बघता गात होती—

*दोन्ही कडं दोन पूर, मधी कवळी माह्यी शेती,*
*भेटू नका म्हनते भुई, वाहून जाईल माती...*

कपिलनं पांढरकवड्याकडचे कॅम्प मागून घेतले. पेटी तिकडूनच यवतमाळला जाऊ लागली. पाच वाजता फोन येईना. नुसते आकडे येत. तपासणीला कोरे कागद येत. मी पुसत होते, ते परत येत होते. कोऱ्या कागदाचं परत येणं कोण पाहतं?

पण एक गोष्ट मला चैत्रात दिसली. पाटणबोरीची यादी उघडली: एक नंबर, कपिल, वाहक. पुढच्या गावची उघडली — एक नंबर, कपिल, वाहक. त्याच्या पुढच्या गावची पण. खाली त्याच्याच अक्षरात: 'जुना रिपोर्ट, लोकांना दाखवण्यासाठी'. प्रत्येक मांडवात आता तो आधी आपलं अर्धं पिवळं कार्ड उंच धरत होता, मग सुई हातात घेत होता. त्या गावांतून बोटं देणारी माणसं दुप्पट झाली. घनश्याम सरांनी विचारलं, "हा पोरगा दर यादीत सोताचं नाव काहून टाकते?" मी म्हणाले, "राहू द्या, सर. चुकीचं नाई ते." रोज दहा फाईली उघडायचा नियम आहे. मी अकरा उघडते.

वैशाखात, खताच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर दुपारभर कडकडत असताना, तपासणीची फाईल आली. कोरी नव्हती.

एसटीतला फोटो. खिडकीवर पावसाचे ओघळ. एक निळी पेटी, तिच्यावर उघडलेली काळी छत्री, आणि छत्रीचा दांडा धरलेला हात. बाही कोपरापर्यंत भिजलेली. चेहरा आलेला नाही. मोबाइलमध्ये तो खुडखुड करत होता, ते हे होतं तर... आणि मला कळलंही नव्हतं.

खूप वेळ मी नुसती बघत बसले. मग नियम तो नियम. बोट ठेवलं, आणि पुसून टाकली.

पांढरा पडदा. गोल फिरू लागला. रेंज कमी होती त्या दिवशी, फिरतच राहिला. खाली जिन्याशी विजयमालाचं लेकरू आलं होतं. रडत नव्हतं आज, पायरीवर थापट्या मारत होतं. मी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती.

मग आधी छत्री दिसली. मग पेटी. मग तो हात.

मी वही ओढली. तारीख लिहिली, गाव लिहिलं, आकडा लिहिला. शेवटच्या रकान्यात लिहिलं:

पुसली. परत आली.

'पूर्ण' लिहायला पेन टेकवला... आणि उचलून घेतला.